पहिला बाद, पहिला नंबर

आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी एक खेळ चालायचा. त्यात सगळ्यात आधी बाद होणाऱ्याला बक्षीस मिळायचं आणि शेवटपर्यंत टिकून राहणाऱ्याला हॉलमधल्या चाळीस खुर्च्या उचलून एकावर एक रचाव्या लागायच्या. नोटीस बोर्डावरचा हा नियम वाचून नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, लिहिणाऱ्याने काहीतरी गडबड केली आहे. तो शेजारी चौकशी करायचा. उत्तर मिळायचं, "नाही हो, बरोबर आहे. बझरआप्पांचा खेळ आहे तो." नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या कॉलनीत एवढं स्पष्टीकरण पुरेसं होतं.

आप्पांचं खरं नाव गॅसच्या पुस्तकावर असेल तेवढंच. मूळचे ते विंचूरचे. माझे वडील आणि आप्पा विजेची बटणं बनवणाऱ्या एकाच कारखान्यात होते. वडील स्टोअरला, आप्पा मेंटेनन्सला. कारखान्याने माणसं कमी करायची ठरवली तेव्हा पहिल्या यादीतलं पहिलं नाव आप्पांचं होतं. स्वेच्छानिवृत्ती म्हणतात तिला. स्वेच्छा कुणाची, हे विचारायचं नसतं. वडील त्या दिवशी तोंड पाडून घरी आले. त्यांच्या मागोमाग आप्पा आले. खांद्यावर निरोपाची शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात भिंतीवरचं घड्याळ. आईने चहा टाकला. आप्पा वडिलांना म्हणाले, "नाना, तुम्ही बसा अजून आतच. मी पहिला भाईर पडलो, मला घड्याळ मिळालं." वडिलांना हसावं की रडावं कळेना. मला वाटलं, माणूस दुःख लपवतोय. आप्पांना काहीही लपवता येत नाही हे मला फार उशिरा कळलं.

रिकामे झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते बझर बनवण्याचं. प्लायवूडच्या एका फळीवर त्यांनी लोकांच्या दारांवरून निघालेल्या चार जुन्या बेल बसवल्या. एक साधी टिंगटाँग. दुसरीत चिमणी चिवचिवायची. तिसरीत देवळातली घंटा होती. चौथीत एक बाई घसा बसलेल्या आवाजात हिंदीतून दार उघडायची विनंती करायची. खेळायला बसलेल्या चौघांनी एकेक बेल घ्यायची आणि उत्तर येत असेल त्याने ती दाबायची. बँकेतले साहेब असोत की शाळेच्या मुख्याध्यापिका, वाट्याला चिमणी आली की चिमणीच वाजवायची. निम्मा अहंकार तिथेच उतरायचा.

आप्पांचं वेड होतं जुन्या टीव्हीवरच्या खेळांचं. गल्लीत एकच टीव्ही असे आणि टीव्हीवर एकच वाहिनी, त्या काळातले खेळ. प्रश्नमंजुषा, गाण्यांच्या भेंड्या, नवरा-बायकोच्या हातात पाट्या देऊन विचारायचे प्रश्न, असे सगळे. कारखान्यातल्या एका जाड डायरीत त्यांनी प्रत्येक खेळाला दोन पानं दिली होती. डाव्या पानावर तो टीव्हीवर कसा होता ते, उजव्या पानावर आप्पा तो कसा खेळवणार ते. त्यांची पद्धत ठरलेली होती. "एक नियम काढायचा, एक घालायचा. दोन काढले की खेळ मोडतो. अन् एकबी नाय काढला, तर मंग घरी बसून टीव्हीच बघावा की." आणि पहिला बाद होईल त्याला बक्षीस, हा नियम मात्र सगळ्या खेळांना सारखा. त्यातला शब्द हलायचा नाही.

बक्षीस म्हणजे स्टीलची एक छोटी वाटी. भांड्यावर नाव घालायचं यंत्र आप्पांकडे होतं. त्याने ते प्रत्येक वाटीवर 'पहिला नंबर' असं कोरायचे. सुरुवातीला एका हुशार गृहस्थांनी वाटीसाठी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. आप्पांनी त्यांना मनापासून वाटी दिली, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि त्यांच्या हुशारीबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढच्या रविवारी ते गृहस्थ नीट खेळले आणि त्यांनी निमूटपणे खुर्च्याही उचलल्या.

प्रश्नमंजुषेत अडलं की बाहेरच्या कुणालातरी फोन करून विचारायची सोय टीव्हीवर असते. आप्पांनी ती ठेवली, पण फोन कुणाला करायचा याचा नियम बदलला. ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे, त्यालाच करायचा. पगारकाका आणि जाधवकाका यांच्यात टाकीच्या व्हॉल्व्हवरून दोन वर्षं अबोला होता. पगारकाका खेळायला बसले असताना प्रश्न आला, नाशिकला पाणी कोणत्या धरणातून येतं. उत्तर शेंबड्या पोरालाही येईल, पण ऐन वेळी पगारकाकांचं डोकं रिकामं झालं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या जाधवकाकांचा फोन वाजायला लागला. त्यांनी नाव पाहिलं आणि फोन तसाच वाजू दिला. सगळा हॉल वळून त्यांच्याकडे बघत होता. शेवटी त्यांनी फोन कानाला लावला, समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत म्हणाले, "गंगापूर धरण. आणि व्हॉल्व्ह मी बंद केलेला नव्हता." पगारकाका तितक्याच गंभीरपणे फोनवर म्हणाले, "धन्यवाद. दुसऱ्या गोष्टीचं घरी येऊन बोलू." तेव्हापासून व्हॉल्व्ह दोघं मिळून फिरवतात.

भेंड्यांमधून आप्पांनी सिनेमाची गाणी काढून टाकली. आईच्या नाहीतर आजीच्या तोंडून ऐकलेलं असेल तेच गाणं चालेल, असा नवा नियम घातला. पहिल्या रविवारी दहा मिनिटांत सगळे सुशिक्षित लोक कोरडे पडले. उरली ती वॉचमनची बायको, पेठच्या डोंगरातली. तिने भातलावणीच्या वेळची गाणी सुरू केली ती थांबेचना. शेवटपर्यंत तीच राहिली, म्हणजे खुर्च्या तिच्याकडे आल्या. आठ-दहा जण मदतीला उठले, कारण एरवी रोज झाडलोट करणाऱ्या बाईला जिंकल्यावरही हेच काम लागावं याची आम्हालाच लाज वाटली. तिने सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाली, या माझ्या वाट्याच्या आहेत, कुणी हात लावायचा नाही. एकेक खुर्ची तिने अशी रचली की आम्हाला बसून बघावंच लागलं.

हा खेळ नवा होता त्या काळात मी कुणाला तोंड दाखवत नव्हते. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचे चार प्रयत्न झाले होते. चौथ्या वेळी मुलाखतीपर्यंत पोचले आणि शेवटच्या यादीत नाव नव्हतं. पुस्तकांच्या दोन ट्रंका घेऊन नाशिकला परत आले आणि घरात बसले. बेल वाजली की आत जायचे. नातेवाईक "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचे, ते मला शिवीसारखं लागायचं. एके दिवशी आप्पा आले आणि मला आत पळायला वेळ मिळायच्या आधीच उंबऱ्यातून म्हणाले, "ताई, तुझ्याकडं चार वर्षांचे प्रश्न पडून हायेत म्हणे. वाया कशाला घालवती? आमाला दे."

मला इतका राग आला की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन हॉलवर गेले. मदत करायची म्हणून नाही. खरा प्रश्न कशाला म्हणतात ते या माणसाला दाखवायचं म्हणून. माझ्या प्रश्नांनी त्या रविवारी हॉलमध्ये सुतकी शांतता पसरली. आप्पा नंतर म्हणाले, "प्रश्न झ्याक हायेत. पण उत्तर आलं नाय तर माणसाला लाज नाय वाटली पायजे, हसू आलं पायजे. तसे काढ." चार वर्षं मी असे प्रश्न सोडवत होते, ज्यांचा हेतूच माणसं गाळायचा होता. हसू येईल असा प्रश्न काढायला मला दोन महिने लागले.

त्यांनी मला खेळायलाही बसवलं. मी अर्थातच जिंकले. प्रश्न दुसऱ्याने काढलेले होते, पण समोर होते पगारकाका, जाधवकाका आणि एक शिंपीमामा. त्यांच्यापुढे न जिंकून सांगते कुणाला. तरीही खूप दिवसांनी मी काहीतरी जिंकले होते आणि मला ते फार बरं वाटलं होतं. आप्पांनी हॉलची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि खुर्च्यांकडे बोट दाखवलं. मी आदळआपट करत त्या रचल्या. आप्पा शांतपणे बझरच्या वायरी गुंडाळत होते. मला म्हणाले, "शेवटी राहतो त्यालाच समदं आवरावं लागतं. टीव्हीत ते दाखवत नाय."

आता सिंधूआत्याबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय हा सगळा खेळ उलटा वाटतो. सिंधूआत्या आप्पांची धाकटी बहीण. वयाने दोनच वर्षं लहान, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलीएवढी, आणि हृदय जन्मापासून नाजूक. आईवडिलांमागे ती आप्पांकडे आली आणि आप्पांची बायको वारल्यावर घरात दोघंच उरले. रविवारी ती इस्त्रीची साडी नेसून, गजरा माळून, सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. पहिला डाव तिचा आणि चौथी बेल तिची. मी प्रश्न अर्धा वाचते न वाचते तोच दार उघडायची विनंती सुरू व्हायची. आप्पा अदबीने विचारायचे, "सिंधूताई, उत्तर?" ती खणखणीत सांगायची, "विंचूर." सगळ्यात मोठा ग्रह कोणता, विंचूर. पुरणाला कोणती डाळ लागते, विंचूर. आप्पा म्हणायचे, "बाद. पहिला नंबर." हॉल टाळ्यांनी भरून जायचा. वाटी छातीशी धरून ती सगळ्यांना नमस्कार करायची आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर बसायची. आप्पांच्या स्वयंपाकघरातली एक अख्खी फळी वाट्यांनी भरली होती, सगळ्या एकजात पहिला नंबर.

मला तिची दया यायची. दया माणसाला फार मूर्ख बनवते. मला वाटलं, बिचारीचं एकदा तरी उत्तर बरोबर यावं. म्हणून एका रविवारी मी पहिलाच प्रश्न काढला: निफाड तालुक्यातलं, कांद्याच्या बाजाराचं, आपले आप्पा जिथले ते गाव कोणतं? मी 'निफाड' म्हणताच तिने बेल दाबली आणि नेहमीसारखी म्हणाली, "विंचूर." मी ओरडून सांगितलं की बरोबर, आणि एकटीच टाळ्या वाजवायला लागले. बाकी सगळे आप्पांकडे बघत होते. आप्पांनी मला पुढचा प्रश्न वाचायची खूण केली. पुढच्या प्रश्नाला जाधवकाका चुकले आणि वाटी त्यांना गेली.

सिंधूआत्याने त्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ती आप्पांना म्हणाली, "माझं काय चुकलं?" आणि सगळ्यांच्या देखत रडायला लागली. जाधवकाका धावत आले आणि वाटी तिच्या हातात द्यायला लागले. तिने हात मागे घेतले. ती त्यांची आहे, म्हणाली, ते पहिले गेले. आप्पा तिला हाताला धरून घरी घेऊन गेले. चार वर्षांत एकदाही शेवटच्या यादीत नाव नसताना मला जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं त्या संध्याकाळी वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. सिंधूआत्या सगळं विसरून शेंगा सोलत बसली होती. आप्पांनी मला वाटीत चिवडा दिला आणि विंचूरची गोष्ट सांगितली.

त्यांच्या लहानपणी गावात टीव्ही होता तो एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे. पोरांना आत घेत नसत. खिडकीच्या बाहेर कांद्याच्या गोणपाटांची थप्पी असायची, तिच्यावर चढून ही पोरं काचेतून बघायची. काच कायम बंद, धूळ नको म्हणून. त्यामुळे चित्र दिसायचं, आवाज यायचा नाही. आठवड्यातून एकदा त्या टीव्हीवर प्रश्नांचा खेळ लागे. चौघं टेबलामागे बसलेले, दिवे लागताहेत, कुणीतरी बोलतंय. मग त्यांतला एक जण उठायचा. सूत्रसंचालक त्याच्याशी हात मिळवायचा, त्याला एक पुडकं द्यायचा, लोक टाळ्या वाजवायचे आणि तो हसत बाहेर पडायचा. पुढचं काही बघायला मिळायचं नाही, कारण जेवणाची वेळ झाली की व्यापाऱ्याची बायको पडदा ओढून घ्यायची.

"आता तूच सांग," आप्पा म्हणाले, "ज्याला वस्तू भेटली, ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या, तोच जिंकला असंल ना? बाकीचे तर बिचारे तिथंच बसलेले दिसायचे."

पोरांनी तोच खेळ खळ्यात सुरू केला. पहिला चुकेल तो जिंकला. त्याला गुळाचा खडा आणि सगळ्यांच्या टाळ्या. शेवटी राहील त्याने विस्कटलेली गोणपाटं पुन्हा थप्पीला लावायची, नाहीतर सकाळी हमालांच्या शिव्या. शाळेत, नदीवर, लगोरीत, कुठेच जिला कुणी खेळायला घेत नसे, ती सिंधू या खेळात रोज पहिली यायची. रोज गुळाचा खडा घेऊन ती घरी जायची आणि आईला सांगायची, आजपण मीच.

खरं काय ते आप्पांना सातपूरला नोकरीला लागल्यावर कळलं. पहिल्या वर्षीच त्यांनी हप्त्यावर टीव्ही घेतला. सिंधूआत्या तेव्हा महिनाभर राहायला आली होती. तसलाच एक खेळ लागला, या वेळी आवाजासकट आणि शेवटपर्यंत. आप्पा म्हणाले की त्यांना घाम फुटला. बटण बंद करावं तर ती विचारणार का बंद केलं, आणि चालू ठेवावं तर तिला सगळं ऐकू येणार. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा तिला अभिमान होता ती एका अर्ध्या तासात जाणार होती. तिने सगळा खेळ डोळे मोठे करून पाहिला. शेवटच्या माणसाला कप मिळाला. मग ती आप्पांकडे वळून म्हणाली, "आप्पा, यांचं चुकलं. पहिला तो गेला अन् कप दुसऱ्यालाच दिला."

मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत मग? आप्पा म्हणाले, "काय सांगणार? हो म्हटलं, चुकलं. मंग ठरवलं, जगाचं जगाला लखलाभ. आपल्या इथं तरी बरोबर खेळायचं."

त्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाला एका बिल्डरची जाहिरात मिळाली. त्यातून मैदानात प्रश्नांचा खेळ ठरला: मोठा पडदा, भाड्याने आणलेला सूत्रसंचालक आणि जिंकणाऱ्याला मिक्सर. आप्पांनी मंडळाला एवढंच विचारलं की पहिल्या बाद होणाऱ्याचा नियम ठेवाल का. सेक्रेटरी म्हणाले, आप्पा, लोकांना जिंकणारा माणूस बघायचा असतो. आप्पा बरं म्हणाले आणि सिंधूआत्याला घेऊन प्रेक्षकांत बसले. मला धास्ती होती ती सिंधूआत्याची. पहिली बाद झाली ती घोटीहून नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून. भोंगा वाजला, पडद्यावर लाल फुली आली. पोरगी मान खाली घालून पायऱ्या उतरायला लागली आणि मैदानात कुणी हूं की चूं केलं नाही.

तेवढ्यात सिंधूआत्या उठून उभी राहिली आणि तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटीने. मग जाधवकाका उठले, पगारकाका उठले, वॉचमनची बायको उठली आणि बघता बघता आमची सगळी रविवारची मंडळी उभी राहिली. सूत्रसंचालक बोलायचा थांबला. शेवटच्या पायरीवर त्या पोरीने मान वर केली आणि हसली. त्यानंतर जो जो बाद झाला त्याच्यासाठी सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. मिक्सर जिंकलेले गृहस्थ आमच्याच रविवारच्या मंडळींतले निघाले. मिक्सरचं खोकं बायकोकडे देऊन ते सवयीने खुर्च्या उचलायला लागले. मांडववाल्याची माणसं बघतच राहिली.

पाचव्या प्रयत्नाचा अर्ज मी भरला नाही. शेवटची तारीख गेल्यावर घरी सांगितलं. आई रडली, वडील दोन दिवस पेपरात तोंड घालून बसले. आप्पांना सांगितलं तर ते नुसतं "बरं" म्हणाले. रविवारी मी वही उघडून पहिला प्रश्न वाचणार, तोच सिंधूआत्या पिशवी घेऊन माझ्यासमोर आली. पिशवीत एक वाटी होती. तिच्या फळीवरची, तिची स्वतःची. ती माझ्या हातात देऊन ती टाळ्या वाजवायला लागली. तिला आप्पांनी काय सांगितलं होतं कोण जाणे. यादीत नाव नसल्याच्या दिवशी मी रडले नव्हते. त्या दिवशी सगळ्या हॉलसमोर रडले. पुढच्याच महिन्यात मी त्याच हॉलमध्ये शाळकरी मुलांचा वर्ग सुरू केला, तो अजून चालू आहे. ती वाटी माझ्या टेबलावर असते.

सिंधूआत्या थंडीत गेली. दोन दिवस दम लागला, दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी हृदय थांबलं. दहावा रामकुंडावर झाला आणि विंचूरहून आलेली माणसं मग कॉलनीच्या हॉलमध्ये येऊन बसली. भेटणाऱ्यांची रीघ लागली होती. सगळे पांगले तेव्हा हॉलमध्ये आप्पा, मी आणि दाराशी वॉचमनची बायको एवढेच उरलो. मी सवयीने एक खुर्ची उचलली. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"ठेव ती. माझ्या वाट्याच्या हायेत."

चाळीसच्या चाळीस खुर्च्या त्यांनी एकट्याने रचल्या. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. शेवटची ठेवून झाल्यावर ते तिच्यावर हात टेकून थांबले आणि म्हणाले, "नियमानं तीच जिंकली. पण टाळ्या राह्यल्या बघ." टाळ्या वाजवायला माझे हात उचलले गेले नाहीत.

त्यानंतर काही महिने खेळ बंद होता. मग एक दिवस आप्पांनी सांगितलं की ते विंचूरला चाललेत, कायमचे. पुतण्याच्या कांदे साठवायच्या चाळी आहेत, त्यांचं विजेचं काम बघायला माणूस हवा आहे. इथे रिकाम्या घरात बेल वाजली तरी दचकायला होतं, असंही म्हणाले. बझरची फळी आणि डायरी त्यांनी माझ्याकडे दिली. जाण्याच्या दिवशी रविवारच होता. मी नोटीस बोर्डावर खेळ लावला आणि आप्पांना सांगितलं की आज तुम्ही खेळवायचं नाही, खेळायला बसायचं. इतक्या वर्षांत ते कधीच खेळायला बसले नव्हते. ते आले, चार खुर्च्या पाहिल्या आणि चौथ्या बेलच्या मागे जाऊन बसले. उरलेल्या तिघांत जाधवकाका, पगारकाका आणि वॉचमनची बायको होती.

मी वही उघडली आणि वाचायला लागले, "आपल्या सूर्यमालेतला सगळ्यात..."

घसा बसलेल्या आवाजातली बाई दार उघडायची विनंती करायला लागली. आप्पांचं बोट बेलवर होतं.

मी विचारलं, "आप्पा, उत्तर?"

"विंचूर."

मी म्हणाले, "बाद. पहिला नंबर."

सगळा हॉल उभा राहिला. वाटीवर अक्षरं मी कोरली होती, त्यांच्याच यंत्रावर, जरा वाकडी आली होती. त्यांनी ती हातात घेऊन नीट वाचली. टाळ्या थांबत नव्हत्या. आप्पांनी हात वर केला आणि म्हणाले, "एवढ्या माझ्या नाय. निम्म्या तिच्या." मग टाळ्या आणखी वाढल्या आणि तशाच चालू असताना ते चपला घालून बाहेर पडले. पहिल्या बाद होणाऱ्याने बाहेर जायचं, हाच नियम होता. फाटकाशी पुतण्याचा टेम्पो उभा होता. ते मागे न बघता त्यात बसलेले मला खिडकीतून दिसले, वाटी मांडीवर होती.

उरलेला डाव आम्ही पुरा खेळलो. कोण कधी बाद झालं ते आठवत नाही. शेवटी सगळे गेले आणि हॉलमध्ये मी उभी होते, हातात किल्ली. मी पहिली खुर्ची उचलली. दारापर्यंत गेलेले जाधवकाका मदत करायला परत फिरले. मी त्यांना म्हटलं, राहू द्या काका, या माझ्या वाट्याच्या आहेत.